वहिनी सरपंच, मग डोंगल कुणाच्या खिशात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावचे सरपंचपद 'अनुसूचित जाती महिला' राखीव निघाले आणि विचारणाऱ्यांच्या वहिनी थेट जनतेतून निवडून आल्या. दीड वर्ष झाले, कारभार मोठे बंधू बघतात आणि वहिनी 15 ऑगस्टला झेंड्यापुरत्या दिसतात. पारावरची मंडळी म्हणतात, आरक्षणाने काही होत नाही, नुसती पाटी बदलते. तर मग समानतेसाठी सरकारने नक्की कोणते धोरण आणले की फरक पडेल?

मी 24 वर्षे ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांची प्रशिक्षणे घेतली. तालुक्याच्या सभागृहात, शाळेच्या वर्गात, एकदा तर लग्नाच्या मांडवात. आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडे मोकळे बोलता येते. माझे मत आधीच सांगते. जागा राखून ठेवण्याचा कायदा चांगला आहे आणि तो फसलेला नाही. पण बाईला त्या खुर्चीवर बसू द्यायचे की उठवायचे, हे दुसरेच नियम ठरवतात: कागदपत्रांचे, अपात्रतेचे, सोडतीचे, पैशाच्या सहीचे. कुणी भाषण करत नाही असे हे नियम. नवऱ्यावर सगळे खापर फोडणे सोपे आहे. माझ्या वहीत नवऱ्यांपेक्षा या नियमांनी घरी बसवलेल्या बायका जास्त आहेत.

मागचे दोन शब्दांत. महाराष्ट्राने 1990 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना 30 टक्के जागा दिल्या. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी लागू झाली आणि देशभर एक तृतीयांश झाल्या. आपल्याकडे 2011 मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. हे वरून पडलेले दान होते असे मानू नका. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन 1986 मध्ये चांदवडला झाले, आणि जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला 1989 मध्ये, म्हणजे कायद्याच्या आधी, अख्खी ग्रामपंचायत बायकांची निवडून आली.

'आरक्षणाने काही होत नाही' याचे उत्तर आकड्यांत मिळालेले आहे. सरपंचपद कुठल्या गावात राखीव होणार हे सोडतीने ठरते, त्यामुळे अर्थशास्त्रज्ञांना आयताच प्रयोग मिळाला: एकसारखी गावे, काही राखीव, काही खुली. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानात हे तपासले, 2004 मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. बाई प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केले, कारण गावातल्या बायकांच्या तक्रारी पाण्याच्याच होत्या. आणि या बायकाही कमी शिकलेल्या, पहिल्यांदाच आलेल्या, बऱ्याच जणींच्या पाठीशी नवरा उभा होता. तरीही फरक दिसला. बंगालमधल्या पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट सापडली: जिथे सलग दोन निवडणुका पद महिलांसाठी राखीव राहिले, तिथे नंतर खुल्या जागेवरही बायका जास्त उभ्या राहिल्या आणि जास्त निवडून आल्या. हे 'दोन' लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आता तुमचे दादा. राग येऊ देऊ नका, पण मी एक उलटा प्रश्न विचारते: कारभार दादा बघतात, की दादांनाही कोणी तरी सांगते? राखीव जागेवर उमेदवार शोधताना पॅनलप्रमुख काय बघतो, हे मी जवळून पाहिले आहे. शिकलेली, बोलणारी, बचत गट चालवणारी बाई त्याला नको असते. त्याला आपल्या रानात राबणाऱ्या गड्याची बायको हवी असते. फॉर्मचे पैसे तो भरतो, प्रचार तो करतो आणि निकालाच्या दिवशी गुलालही तोच आणतो. मग गावाला दिसते 'नवरा कारभार करतो', आणि नवरा मात्र रोज सकाळी वाड्यावर जाऊन विचारतो, आज काय करायचे. एका तालुक्यातल्या सरपंचबाई मला म्हणाल्या होत्या, "ताई, मी त्यांची सही आणि ते मालकाची सही." यापेक्षा नेमके वर्णन मी आजवर ऐकलेले नाही.

म्हणूनच बिनविरोध निवडणुकीचे मला भारी कौतुक नाही. वर्तमानपत्रे कौतुक करतात, आमदार निधी जाहीर करतात. पण बिनविरोध म्हणजे कोणी ठरवले, हे विचारायला हवे. जानेवारी 2021 च्या निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी या दोन गावांत पदाचा चक्क लिलाव झाल्याचे उघड झाले आणि राज्य निवडणूक आयोगाला तिथली निवडणूक प्रक्रिया रद्द करावी लागली. ही दोन गावे व्हिडिओमुळे सापडली. ज्या ठिकाणी पैशाऐवजी दबावाने बोली लागते, तिथे व्हिडिओ निघत नाही.

वहिनी अनुसूचित जातीच्या जागेवरून आल्या आहेत, म्हणून पुढचा भाग जरा सविस्तर लिहिते. जात पडताळणी. फॉर्म भरताना व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचे प्रमाणपत्र, हातात नसली तर अर्जाची पोच आणि हमीपत्र चालते, पण निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र दिले नाही की पद गेले. ही मुदत शासनाने वेळोवेळी वाढवली, तेवढाच दिलासा. आता पुरावा कुठला लागतो? बाई सासरी उभी राहते, पण तिची जात माहेरची. म्हणजे वडिलांचा, आजोबांचा, चुलत्याचा कागद. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासांसाठी 13 ऑक्टोबर 1967.

जरा डोळ्यांपुढे आणा. गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या जमातीतली बाई. तिचा आजोबा कुठल्याच शाळेत गेला नाही, त्याच्या नावावर जमीन नव्हती, तो 1961 मध्ये कुठल्या गावात होता हे त्यालाही सांगता आले नसते. तिच्याकडे आपण टीसी मागतो. ज्यांना शाळेत येऊ दिले नाही, त्यांच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला मागायचा, याला मी तरी विनोद म्हणू शकत नाही. खोटे दाखले काढून राखीव जागा लाटणारे आहेत, खूप आहेत, आणि पडताळणी त्यांच्यासाठीच आली. पण खोटे दाखलेवाला वकील लावतो आणि मुदत काढतो. खरी बाई पहिल्याच फेरीत गळते.

मला विचाराल तर इथे धोरणबदल साधा आहे. निवडणूक लागण्याची वाट न बघता, बारावीच्या मुलांसाठी जशी महाविद्यालयात शिबिरे घेतात तशी वस्तीवर पडताळणीची शिबिरे घ्यावीत, आणि गृहचौकशीचे काम समितीने स्वतःहून करावे. कागद शोधण्याचा भार एकट्या अर्जदारावर टाकू नये. यात क्रांतिकारक काही नाही, म्हणूनच कदाचित कुणी जाहीरनाम्यात घालत नाही.

कागदातून सुटलेली बाई पुढे अपात्रतेत अडकते. आपल्या ग्रामपंचायत अधिनियमातले कलम 35 अविश्वासाचे. महिलांसाठी राखीव पदावरच्या बाईला हटवायला एरवीच्या दोन तृतीयांशाऐवजी तीन चतुर्थांश बहुमत लागते. सातच्या बॉडीत पाचऐवजी सहा. थेट निवडून आलेल्या सरपंचावर तर पहिली दोन वर्षे अविश्वास आणताच येत नाही, नंतर आणला तरी तो ग्रामसभेपुढे जावा लागतो. ही चांगली ढाल आहे. पण ढाल समोरून आली की माणसे बाजूने वार करतात. माझ्या अनुभवात अविश्वास अवघड झाला तेव्हापासून तक्रारी कलम 14 खाली जायला लागल्या: घर अतिक्रमणात आहे, खर्चाचा हिशोब वेळेत दिला नाही, तिसरे मूल आहे. अर्ज कुणीही करू शकतो. बाई अपात्र ठरली की पदभार जातो उपसरपंचाकडे, आणि उपसरपंचपदाला आरक्षण नाही. आता समजले असेल, राखीव गावात उपसरपंचपदासाठी एवढी चुरस का असते.

जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडे गावचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. महिला सरपंच सरकारी जागेवरच्या घरात सासूबरोबर राहतात, अशी तक्रार झाली. त्यांचे म्हणणे होते की ते घर मोडकळीला आले आहे, आपण तिथे राहत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्यांवर त्या हरल्या. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे पद परत दिले आणि एक बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचले नाही, असे स्पष्ट सुनावले. निकाल चांगलाच आहे. पण दिल्लीपर्यंत जाण्याइतका दम किती जणींच्या अंगात आणि खिशात असतो? अतिक्रमणाचा नियम कागदावर सर्वांना सारखा. प्रत्यक्षात गावठाणात वडिलोपार्जित वाडा असलेल्याला तो कधी लागत नाही. लागतो तो गायरानाच्या कडेला पत्र्याखाली राहणाऱ्याला, कारण त्याच्या आजोबाला गावात जागा दिलीच नव्हती.

दोन अपत्यांचे तसेच. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे मूल झाले तर अपात्र. किती मुले व्हावीत हे घरात कोण ठरवते, हे मी तुम्हाला सांगायला नको. मुलगा हवा म्हणून तिसरे बाळंतपण लादायचे आणि तेच कारण दाखवून तिचे पद काढायचे. मध्य प्रदेश, हिमाचल आणि हरियाणाने ही अट आणून पुढे काढून टाकली. आपण धरून बसलो आहोत. माझ्या ओळखीचे कित्येक पुरोगामी लोकही या अटीच्या बाजूने आहेत. त्यांच्याशी माझे भांडण जुने आहे, इथे वाढवत नाही.

आता ते 'दोन'. आपल्याकडे सरपंचपदाचे आरक्षण दर पाच वर्षांनी फिरते. पहिले वर्ष ठराव कसा लिहितात हे कळण्यात जाते, दुसरे बीडीओ (गटविकास अधिकारी) आणि विस्तार अधिकारी ओळखू लागण्यात. तिसऱ्या वर्षी बाई खुर्चीत नीट बसते, चौथ्या वर्षी भांडायला शिकते. आणि पाचव्या वर्षी सोडत निघते, पद खुले. सगळे म्हणतात, ताई, तुमचे झाले. मी 24 वर्षांत खुल्या पदावर पुन्हा उभ्या राहिलेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजल्या, पुरुष मात्र खुल्यातून खुल्यात सहज जातात. तमिळनाडूत हेच आरक्षण सलग दोन मुदतींसाठी ठेवले गेले. तिथेही सगळे गोड नाही. मदुराई जिल्ह्यातल्या पाप्पापट्टी, कीरिपट्टी आणि नट्टरमंगलम या गावांत 1996 पासून 2006 पर्यंत वरचढ जातीने दलितांसाठी राखीव पदाची निवडणूकच नीट होऊ दिली नाही. कोणी निवडून आलाच तर लगेच राजीनामा द्यायला लावत. पण एक बघा: पाच वर्षांत आरक्षण फिरले असते तर त्या गावांना फक्त पाच वर्षे दम धरायचा होता. ते फिरले नाही, म्हणून शेवटी 2006 मध्ये निवडणूक झाली. तेव्हा माझी मागणी एकच असेल तर ही: एकदा राखीव झालेले पद दहा वर्षे राखीव राहू द्या. हिशोब अवघड होतो, इतर गावांना वाट बघावी लागते, हे सगळे मान्य. पाच वर्षांत शिकवलेल्या बाईला घरी पाठवण्यात जास्त नुकसान आहे.

पैशाबद्दल बोलल्याशिवाय समावेशाच्या गप्पांना अर्थ नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. सदस्यांना हे माहीत नसते असे नाही. पाटी पाठ असते. पण नोंदी बघा. 15 टक्क्यांतून समाजमंदिराला दर दोन वर्षांनी रंग, 10 टक्क्यांतून शिलाई मशीन नाही तर हळदीकुंकवाचे वाण. एका गावात 5 टक्क्यांतून ग्रामपंचायतीच्या इमारतीला रॅम्प बांधला होता, उतार इतका खडा की चाकाची खुर्ची सोडा, मीच काठीशिवाय चढले नसते. काम पूर्ण, फोटो जोडला, बिल निघाले. वहिनींना सांगा, या तिन्ही रकमांचा तीन वर्षांचा खर्च एका कागदावर मागून घ्या. सरपंचाने स्वतःच्या ग्रामपंचायतीकडे हिशोब मागायला कुणाची परवानगी लागत नाही. छोट्या गावात रक्कम फार नसेल, पण हा कागद मागितला त्या दिवसापासून भाऊसाहेबांचा, म्हणजे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचा, सूर बदलतो. हे मी डझनभर गावांत पाहिले आहे.

दुसरे, महिला सभा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची आणि तिचे ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचे, अशी तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरमध्येच होते: अंगणवाडीताई घरोघरी जाऊन सह्या आणतात. खरी ग्रामसभाही अशीच निघून जाते. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, यांत जे कमी ते. तेवढे लोक नाहीत म्हणून सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. दहा जणांत अख्ख्या गावाचा आराखडा मंजूर. वहिनींनी एकच करावे, महिला सभा ग्रामपंचायतीत न घेता वस्तीवर घ्यावी आणि दुपारी दोनला घ्यावी, सकाळी अकराला नाही. अकरा वाजता मजुरीवर गेलेली बाई येणार कुठून? सभेची वेळ बदलली, एवढ्यानेच हजेरी तिप्पट झालेली मी बघितली आहे. आणि प्रोसिडिंग, म्हणजे सभेचे इतिवृत्त, तिथेच, सगळ्यांसमोर लिहून पूर्ण करायचे, खाली कोरी जागा न सोडता. कोऱ्या जागेत नंतर काय काय उगवते ते विचारू नका.

सरपंचपती, म्हणजे बायकोच्या नावाने कारभार करणारे नवरे, रोखण्यासाठी परिपत्रके आहेत, नातेवाइकांनी कामकाजात बसू नये असे बजावलेलेही आहे. केंद्राच्या समितीनेही यावर दंडाची शिफारस केली. दंडाबद्दल मला शंका आहे. दंड भरणार शेवटी घरातूनच, आणि नवऱ्याच्या चुकीची शिक्षा म्हणून बाईच अपात्र ठरली तर त्याचा आनंद कुणाला होईल हे वर लिहिलेच आहे. त्यापेक्षा मासिक सभेत खुर्च्या मोजून ठेवा. सदस्य सात, अधिक सरपंच, अधिक भाऊसाहेब, एकूण नऊ खुर्च्या. दहावी आणायचीच नाही. हसू नका. एका सरपंचबाईंनी हा उपाय स्वतः शोधला होता. सासरे दोन सभा दारात उभे राहिले, तिसऱ्या सभेला आले नाहीत.

मानधनाचेही सांगते. 2000 पर्यंत लोकसंख्येच्या गावच्या सरपंचाचे मानधन 2024 मध्ये 3000 वरून 6000 रुपये झाले. शेतमजूर बाईचा महिन्यातला आठ-दहा दिवसांचा रोज यात बुडतो, तो भरून निघेल इतके तरी आहे. मात्र ते तिच्या एकटीच्या खात्यात येते का, बघा. जोडखाते असेल तर आधी ते बदलून घ्या.

राहिले दादा. त्यांना खलनायक करू नका. वाड्यावरचा निरोप रोज घरी आणणारा माणूसही दमलेला असतो. वहिनींच्या बाजूने उभा राहणारा घरात एक जण पुरतो, आणि तुम्ही हा प्रश्न विचारलात म्हणजे तो सापडला आहे असे मी धरते. सुरुवात डोंगलपासून करा, म्हणजे डिजिटल सही साठवलेल्या त्या पेनड्राइव्हसारख्या तुकड्यापासून. पूर्वी चेकवर सही लागायची, तेव्हा निदान बाईला बोलवावे तरी लागत होते. आता वित्त आयोगाचा पैसा ऑनलाइन जातो, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल सहीने. सही त्या डोंगलात, पिन कुणाला तरी पाठ, आणि ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल दादांचा. बाईला कळतही नाही की आज तिने चार लाखांचे बिल मंजूर केले. नोंदणीतला नंबर बदलून वहिनींचा स्वतःचा टाकून घ्या, पिन त्यांच्या हातून बदला. त्याआधी आज संध्याकाळी फक्त डोंगल कुठे आहे ते शोधा. दादांच्या खिशात नसेल तर ग्रामपंचायतीतल्या संगणक केंद्राच्या चालकाच्या ड्रॉवरमध्ये बघा, चार्जरच्या वायरींखाली.